बॉन की ब्रायन? एका रॉक वादाचा निकाल लावायला निघालेलं अर्थशास्त्र

होस्टेलवर माझी रूममेट कोल्हापूरची होती. तशी शांत मुलगी. मेसच्या भाजीवरून तिने कधी तक्रार केली नाही की नळाच्या रांगेवरून भांडली नाही. पण कुणी ‘एसी/डीसीचा खरा गायक ब्रायन जॉन्सन’ असं म्हणालं की संपलंच. रात्री साडेअकराला सुरू झालेला वाद दीडला वॉर्डन मॅडम येईपर्यंत चालायचा. तिच्या मते बॉन स्कॉटनंतर जे झालं ते ‘चांगलं होतं, पण ते एसी/डीसी नव्हतं’. समोरची पार्टी म्हणायची, ‘अगं, जगाला माहीत असलेला बँडच ब्रायनचा आहे!’ मी आपली चहा करून द्यायचे.

पुढे मी पीएचडीला लागले. विषय वर्तनवादी अर्थशास्त्र, म्हणजे माणसं पैशांचे निर्णय खरंच कसे घेतात ते प्रयोग करून बघायचं. पहिल्याच वर्षी रीडिंग ग्रुपमध्ये एका सीनियरने चार-पाच पानांचा एक पेपर समोर टाकला आणि म्हणाला, ‘यात काय चुकलंय सांग.’ शीर्षक वाचून मला वाटलं हा माझी फिरकी घेतोय. पेपर होता एसी/डीसीच्या कार्यक्षमतेवर, बॉन स्कॉट विरुद्ध ब्रायन जॉन्सन! लेखक रॉबर्ट ऑक्सोबी, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ. 2007 मध्ये मसुदा फिरला आणि 2009 मध्ये ‘इकॉनॉमिक इन्क्वायरी’ या चांगल्या जर्नलमध्ये तो रीतसर छापून आला. सारांशातच त्यांनी लिहिलंय की दारूच्या टेबलावरचे संगीतविषयक वाद मिटवायला या संशोधनाचा उपयोग होऊ शकेल.

रॉक ऐकत नसाल तरी पुढे वाचा. रफी की किशोर यावर कधी घसा कोरडा केला असेल, तर हा वाद तुमच्या ओळखीचाच आहे. फरक एवढाच की रफी आणि किशोर एकाच खुर्चीवर आलटून पालटून बसले नव्हते. इथे खुर्ची एक आहे, आणि पहिला माणूस गेला म्हणून दुसरा आला.

आधी ती गोष्ट सांगते, कारण ती माहीत नसेल तर वादातली धग कळत नाही.

एसी/डीसी हा 1973 मध्ये सिडनीत अँगस आणि माल्कम यंग या दोघा भावांनी काढलेला बँड. पहिला गायक डेव्ह इव्हान्स. तो साधारण वर्षभरच टिकला आणि या वादात त्याची बाजू घेणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. 1974 मध्ये बॉन स्कॉट आला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला, फ्रीमँटलच्या स्कॉटिश पाइप बँडमध्ये ड्रम वाजवलेला. बाकीच्या पोरांपेक्षा तो वयाने बराच मोठा होता. त्याचं गाणं ऐकताना असं वाटतं की कुणीतरी बारच्या टोकाला बसून, डोळा मिचकावत, स्वतःचेच किस्से सांगतंय. 1979 मध्ये ‘हायवे टू हेल’ आला, अमेरिकेत बँडचं नाव झालं, आणि 19 फेब्रुवारी 1980 ला लंडनमध्ये रात्रभर पिऊन झाल्यावर गाडीत झोपलेला बॉन परत उठलाच नाही. वय 33.

बँड बंद करायचा विचार झाला होता. बॉनच्या घरच्यांनीच ‘थांबू नका’ म्हटलं असं सांगितलं जातं. मग न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला. त्याचा ‘जॉर्डी’ नावाचा बँड सत्तरच्या दशकात थोडाफार चालला होता, नंतर मात्र तो गाड्यांच्या टपांना व्हिनाइल बसवायच्या धंद्यात होता. गंमत म्हणजे त्याचं नाव बँडला आधी बॉनकडूनच कळलेलं. जॉर्डीच्या एका कार्यक्रमात बॉनने त्याला किंचाळत स्टेजवर गडाबडा लोळताना पाहिलं होतं आणि काय जबरदस्त परफॉर्मर म्हणून मित्रांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ब्रायनचं अपेंडिक्स दुखत होतं, असं नंतर कळलं. ऑडिशनला त्याने गायलेल्या गाण्यांत ‘होल लॉटा रोझी’ होतं, म्हणजे बॉनचंच गाणं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये, बॉनला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. कव्हर काळं, शोक म्हणून. पहिलं गाणं मोठ्या घंटेच्या टोलांनी सुरू होतं. हा अल्बम जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत मोजला जातो. म्हणजे बघा, ज्याच्या शोकात अल्बम काढला त्याच्यापेक्षा त्याच्या जागी आलेला माणूस कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचला. माझ्या रूममेटचा खरा राग इथे होता, ब्रायनवर नव्हे. एकदा दिवे गेल्यावर ती म्हणाली होती, ‘गेलेला माणूस आणखी चांगला अल्बम काढू शकत नाही ना. मग त्याच्या बाजूने कोण बोलणार?’

आता पेपरकडे येऊ. ऑक्सोबींनी श्रोत्यांना ‘कोण आवडतो’ असं विचारलंच नाही. (विचारलं असतं तर आमच्या होस्टेलसारखंच झालं असतं.) त्यांनी लोकांना गाणी ऐकवून ‘अल्टिमेटम गेम’ खेळायला लावला.

हा खेळ आमच्या क्षेत्रातला लाडका आहे. 1982 मध्ये व्हेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत तो पहिल्यांदा केला. नियम दोनच. समजा मी तुम्हाला आणि एका अनोळखी माणसाला मिळून 100 रुपये देऊ केले. वाटणी कशी करायची ते तो अनोळखी माणूस सुचवणार. तुम्ही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. ‘हो’ म्हणालात तर त्याने सुचवलेली वाटणी लागू. ‘नाही’ म्हणालात तर दोघांनाही शून्य. घासाघीस नाही, परत भेट नाही, त्याला तुमचं नाव माहीत नाही आणि तुम्हाला त्याचं.

पाठ्यपुस्तकातला माणूस इथे काय करेल? त्याला 1 रुपया दिला तरी तो घेईल, कारण शून्यापेक्षा एक बरा. हे ओळखून समोरचाही 1 रुपयाच देऊ करेल. खऱ्या माणसांचं असं होत नाही. जगभर हा खेळ शेकडो वेळा झालाय. बहुतेक ठिकाणी 40 ते 50 टक्के देऊ केले जातात, आणि 20 टक्क्यांच्या खाली देऊ केलं तर अनेकदा निम्मे लोक सरळ ‘ठेव तुझे तुझ्याकडे’ म्हणतात. स्वतःचे पैसे घालवून समोरच्याला धडा शिकवतात. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेली माणसं पाहिली असतील तर तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. अर्थात हे सगळीकडे सारखं नाही. पेरूमधल्या माचिगेंगा लोकांत सरासरी देऊ केलेली रक्कम 26 टक्क्यांच्या आसपास होती आणि ती लोक बिनतक्रार घेत होते. शिवाय रक्कम खूप मोठी झाली की मानीपणा वितळतो. ईशान्य भारतातल्या खेड्यांत झालेल्या आणि 2011 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात वाटायची रक्कम 20 रुपयांपासून 20,000 रुपयांपर्यंत वाढवत नेली होती. 20,000 मधला छोटा हिस्साही तिथे क्वचितच कुणी नाकारला.

ऑक्सोबींच्या प्रयोगात एका गटाला खेळताना बॉनचं ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ ऐकवलं आणि दुसऱ्या गटाला ब्रायनचं ‘शूट टू थ्रिल’. वाटायला दहा डॉलर. घेणाऱ्याने आधीच लिहून द्यायचं की कमीत कमी किती मिळाले तर मी ‘हो’ म्हणेन. या आकड्याला आपण ‘खालची रेघ’ म्हणू.

निकाल ब्रायनच्या बाजूने लागला. ब्रायन ऐकणाऱ्यांची खालची रेघ खाली होती, म्हणजे ते कमी रकमेलाही तयार होते. आता यावरून ‘ब्रायन चांगला’ कसं ठरलं, ती पायरी नीट बघा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. समजा समोरच्याने तुम्हाला 3 डॉलर देऊ केले. तुमची रेघ 4 ला असेल तर करार मोडला, दोघांची मिळून कमाई 0. रेघ 3 ला असेल तर करार झाला, मिळून कमाई 10. पैसे कुणाकडे किती गेले याला इथे महत्त्व नाही, टेबलावरून किती उचलले गेले तेवढंच मोजायचं. अर्थशास्त्रात याला कार्यक्षमता म्हणतात. पेपरने ‘चांगला गायक’ याची व्याख्या ‘ज्याचं गाणं लागलेलं असताना एकूण संपत्ती जास्तीत जास्त होते तो’ अशी केली. ती व्याख्या मान्य केली की ब्रायन जिंकला. इतकं सरळ.

पेपर गमतीने लिहिलेला आहे हे उघड आहे, आणि ऑक्सोबींना त्यातल्या त्रुटी माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण रीडिंग ग्रुपमध्ये त्याचा उपयोग डॉक्टरीच्या पहिल्या वर्षातल्या मृतदेहासारखा होतो. आपण कापायला शिकतो.

पहिला कट गाण्यांवर. प्रत्येक गायकाचं एकच गाणं घेतलं, तर तुम्ही गायकांची तुलना करताय की गाण्यांची? ‘लाँग वे टू द टॉप’ 1975 चं, ‘शूट टू थ्रिल’ 1980 चं. रेकॉर्डिंग वेगळं, निर्माते वेगळे, बँड पाच वर्षांनी मोठा झालेला. आणि शब्द! बॉनचं ते गाणं आहेच मुळी फसवणुकीवर. गावोगाव फिरणाऱ्या बँडला कसं लुटलं जातं, मार बसतो, पैसे कमी मिळतात, याची तक्रार त्यात हसतहसत मांडलेली आहे. आता असं गाणं कानात वाजत असताना तुम्हाला कुणी दहातले तीन डॉलर देऊ केले, तर तुमची रेघ वर जाणार की खाली? मला तर हा प्रयोग गायकाचा कमी आणि ‘लुटले जाण्याचं गाणं विरुद्ध मौजेचं गाणं’ असा जास्त वाटतो. हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. नंतर कळलं की हे आमच्याकडे प्रत्येक बॅचला सुचतं.

दुसरा कट जास्त खोल आहे, आणि त्यासाठी मला माझी फजिती सांगावी लागेल.

माझ्या पहिल्या पायलट प्रयोगात मीही पार्श्वसंगीत वापरलं होतं. एका खोलीत संथ वाद्यसंगीत, दुसऱ्या खोलीत शांतता. प्रत्येकी वीस विद्यार्थी, एप्रिल महिना. निकाल इतका सुंदर आला की मी त्या रात्री गाईडना मेल टाकला. शांत खोलीतले लोक भराभर काहीही मान्य करत होते, संगीतवाले विचार करून नाकारत होते. दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट सहज बोलून गेला की शांत खोलीचा एसी आदल्या दिवसापासून बंद होता. बिचारी पोरं उकाड्याने हैराण होऊन ‘हो, हो’ म्हणत सुटली होती. गाईड एवढंच म्हणाल्या, ‘तुझा प्रयोग संगीताचा आहे की एसीचा?’

ही चूक एसीची वाटते, पण आकडेमोडीची आहे. मी समजत होते माझ्याकडे 40 निरीक्षणं आहेत. पण एका खोलीतल्या वीस जणांवर खोलीतली प्रत्येक गोष्ट एकदमच परिणाम करते: उकाडा, प्रयोग घेणाऱ्याचा चेहरा, कुणाचा तरी वाजलेला फोन. त्यामुळे ते वीस जण एकमेकांसारखे वागायला लागतात. हे सारखेपण अगदी थोडं धरलं, समजा 0.1, तरी गणित असं होतं: 1 + (20 − 1) × 0.1 = 2.9. आता 40 ला 2.9 ने भागा. उरले जेमतेम 14. म्हणजे 40 माणसं बोलावून माझ्याकडे सुमारे 14 माणसांइतकीच माहिती होती. आणि खोल्या फक्त दोन असतील तर याहून वाईट. खोलीचा परिणाम आणि संगीताचा परिणाम एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत, कितीही माणसं कोंबली तरी. संगीताच्या प्रयोगात गाणं खोलीला ऐकवलं जातं, माणसाला नाही. म्हणून मोजायच्या त्या खोल्या. किंवा मग प्रत्येकाला हेडफोन द्या आणि एकाच खोलीत चिठ्ठ्या टाकून वेगवेगळी गाणी लावा. मी आता तेच करते. हेडफोनच्या खर्चावरून हिशेब विभागाशी चाललेला पत्रव्यवहार हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण समजा हे सगळं निस्तरलं. शंभर खोल्या, प्रत्येकाची वीस गाणी, शब्दांचा विषय सारखा. तरी तिसरी गोष्ट उरतेच: ‘चांगला’ म्हणजे काय?

ब्रायन जिंकला तो लोकांनी कमी हिस्सा मुकाट घेतला म्हणून. हाच निकाल मी एखाद्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला दाखवला तर तो उलटा वाचेल. म्हणेल, बॉन ऐकणारी माणसं ताठ उभी राहिली, तीन डॉलरला विकली गेली नाहीत, हाच चांगला गायक! आणि तो चुकीचा नसेल. नकाराला ‘वाया गेलेले पैसे’ म्हणणं हा फक्त एक दृष्टिकोन आहे. समोरचा 40 टक्के का देऊ करतो? बऱ्याच अंशी नकाराच्या भीतीने. उद्या सगळे ब्रायन ऐकून एकेक डॉलर घ्यायला लागले तर देणारेही एकेकच देतील. कार्यक्षमता शंभर टक्के, आणि घेणाऱ्याच्या हातात दहातला एक. आकडे तेच, प्रयोग तोच, फक्त कुठला रकाना बघायचा ते बदललं की विजेता बदलतो. माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण सध्या अडकलंय ते याच जागी. ‘चांगला निर्णय’ मोजायला मी एकूण कमाई धरली होती, आणि आता मला ते प्रकरण पुन्हा लिहायचंय.

मग गायक ‘शोभणं’ हे मोजता येतच नाही का? आवाज तरी नक्की मोजता येतो. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराचं, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याची रेकॉर्डिंग तपासली. त्याच्या आवाजातला कंप सेकंदाला सुमारे 7 वेळा होत होता. शास्त्रीय पाश्चात्त्य गायकांत तो साधारण साडेपाच-सहाच्या आसपास असतो. त्याची ती खरखरीत गर्जना कशी होते हे बघायला त्यांनी एका रॉक गायकाला तिची नक्कल करायला लावून त्याच्या घशाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, तिला आभासी स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या गप्प असतात. गर्जनेत त्यासुद्धा थरथरायला लागतात, आणि मूळ सुराखाली आणखी एक खडबडीत सूर ऐकू येतो. रॉकमध्ये आपण ज्याला ‘खरखर’ म्हणतो तिच्यामागे अनेकदा असंच काहीतरी असतं. ब्रायनकडे ही खरखर भरपूर आहे आणि तीही अगदी वरच्या पट्टीत, जवळजवळ सगळा वेळ. म्हणून त्याचा आवाज गिटारांच्या भिंतीतून आरपार येतो, पण शब्द सहज कळत नाहीत. बॉन खरखर मिठासारखी वापरायचा. मधल्या पट्टीत बोलल्यासारखं गायचा, त्यामुळे त्याचा एकन्एक शब्द कळतो. किस्से सांगायचे असतील तर बॉन, स्टेडियम हलवायचं असेल तर ब्रायन, असं माझं मत. पण हे मत झालं. मोजमाप ‘काय वेगळं आहे’ इथपर्यंत आणून सोडतं.

आवाज सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं तर काय करता येईल, यावर मी बराच विचार केलाय. (थिसिस लिहायचा नसला की असे विचार छान सुचतात.) ब्रायनने बॉनची गाणी वर्षानुवर्षं स्टेजवर गायली आहेत. ‘होल लॉटा रोझी’चं लाइव्ह रेकॉर्डिंग बॉनच्या आवाजात 1978 च्या ‘इफ यू वाँट ब्लड’ अल्बमवर आहे आणि ब्रायनच्या आवाजात 1992 च्या ‘लाइव्ह’ अल्बमवर. गाणं तेच, शब्द तेच, गिटारवर तेच दोघे भाऊ. इतकी चांगली जोडी प्रयोगशाळेत सहसा मिळत नाही. मी हे उत्साहाने मांडलं तेव्हा सीनियर थंडपणे म्हणाला, ‘ड्रमर बदललाय.’ बरोबर होतं. 1978 ला फिल रड, 1992 च्या रेकॉर्डिंगवर ख्रिस स्लेड. एसी/डीसीत ड्रमर बदलणं म्हणजे घराचा पाया बदलणं.

आणि ज्यांनी ही गाणी आधी ऐकलीयत त्यांच्या बाबतीत एक गोष्ट कुठल्याच प्रयोगाने पुसता येत नाही: ते त्यांनी कोणत्या वयात ऐकलं. 1989 मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवून आवड विचारली. सर्वात जास्त आवडली ती गाणी, जी ऐकणारा साधारण चोविशीत असताना लोकप्रिय झाली होती. त्याआधी 1968 मध्ये रॉबर्ट झायॉन्क यांनी दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. हे दोन्ही एकत्र ठेवा. 1980 नंतर मोठ्या झालेल्यांच्या कानावर ब्रायन कितीतरी जास्त पडला. भारतात तर बऱ्याच जणांची ओळखच 1990 च्या ‘थंडरस्ट्रक’ने झाली, आणि ‘शूट टू थ्रिल’ अनेकांनी ‘आयर्न मॅन 2’ मुळे ऐकलं. त्यांना बॉन भेटतो तो ‘आधीचा गायक’ म्हणून, उलट्या क्रमाने.

मग माझी रूममेट, नव्वदच्या दशकात जन्मलेली, बॉनची इतकी कट्टर कशी? याचंही उत्तर एका अभ्यासात सापडतं. 2013 मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या मुलांना गेल्या पाच दशकांतली गाणी ऐकवली. स्वतःच्या तरुणपणाची गाणी जवळची वाटणं अपेक्षितच होतं, पण आईवडिलांच्या तरुणपणाच्या काळातल्या गाण्यांनाही त्यांच्या आठवणींत वेगळा उंचवटा होता. घरात जे वाजतं ते मुलांच्यात उतरतं. रूममेटकडे एसी/डीसी आला तो मामाच्या कॅसेटींतून. मामा मुंबईला कामाला होता, सुट्टीत आला की टेप लावायचा. ती अकरावीत असताना तो गेला. हे मला होस्टेल सोडताना, सामान बांधत असताना कळलं. दीड वर्षं मी तिचे मुद्दे खोडून काढत होते, नमुना, व्याख्या, सगळं. वाद खरं म्हणजे दोन गेलेल्या माणसांबद्दल होता, त्यातलं एकच नाव आम्हाला माहीत होतं.

2016 मध्ये हा वाद आणखी गुंतागुंतीचा झाला. ब्रायनला डॉक्टरांनी सांगितलं की लगेच थांबला नाहीस तर ऐकू येणं पूर्ण जाईल. उरलेल्या दौऱ्यावर ‘गन्स अँड रोझेस’चा ॲक्सल रोझ गायला. काहींनी तिकिटांचे पैसे परत घेतले, काहींना तो आवडलाही. आणि 36 वर्षं ‘नवा’ गायक असलेला ब्रायन एका रात्रीत ‘खरा’ गायक झाला. पुढे तो परतला, 2020 चा ‘पॉवर अप’ त्याच्याच आवाजात आहे. ॲक्सलच्या त्या महिन्यांत रूममेटचा मला मेसेज आला होता: ‘ब्रायनला परत आणा यार.’ मी स्क्रीनशॉट जपून ठेवलाय.

हा लेख लिहायच्या आधी मी ऑक्सोबींचा पेपर तिला पाठवला. ती आता बंगळुरूला असते, डेटाचं काम करते. दोन तास उत्तर नाही. मग एकच ओळ आली: ‘बॉनच्या गाण्यात बॅगपाइप आहे, ब्रायनच्यात नाही. ते कंट्रोल केलं का?’